हंगामी वसतिगृह: लेकरं गावात ठेवावीत का फडावर न्यावीत?

ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या लेकरांसाठी गावच्या शाळेत चालणाऱ्या हंगामी वसतिगृहाला माझे गुण पाचपैकी साडेतीन. गुण आधीच सांगून टाकते, कारण ज्यांनी हे वाचायला पाहिजे त्यांच्याकडं वेळ नसतो. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन झालेली असते, गाडी कधी लागणार ते ठरलेलं असतं, आणि उरलेल्या चार दिवसांत एवढंच ठरवायचं असतं की लेकरं गावात ठेवायची का सोबत फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या रानात, न्यायची. आमच्या गल्लीत दसरा जवळ आला की ज्याच्या त्याच्या ओट्यावर हाच विषय. माझ्याकडं ब्लाऊज टाकायला येणारी बाईसुद्धा माप देता देता हेच विचारते, म्हणून एकदाचं लिहून काढते.

मी धारूर तालुक्यातली. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात आमचं गाव, रान मुरमाड, विहिरीला पाणी दिवाळीपर्यंत. गावाचं नाव लिहीत नाही, शाळेतल्या माणसांशी माझा रोजचा संबंध आहे आणि पुढं काही कडूही लिहायचंय. माझं शिलाईचं काम आहे, म्हणजे ओसरीत एक मशीन आणि पिको-फॉलचं सामान. दोन्ही भाऊ ऊसतोडीला जातात. थोरला टायरगाडीवर, म्हणजे स्वतःची बैलजोडी घेऊन. धाकटा ट्रकच्या टोळीत. भावजयाही सोबत, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि उचल त्या जोडीला मिळते. लेकरं मागं राहिली की आमच्या जिल्हा परिषद शाळेतल्या हंगामी वसतिगृहात राहतात आणि पालक म्हणून तिथं सही माझी असते.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. बीड जिल्ह्यातून दर हंगामाला काही लाख माणसं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, नगर आणि कर्नाटकात बेळगावकडच्या कारखान्यांना जातात. दसरा-दिवाळीला जायचं, पाडव्याच्या आगंमागं यायचं. शाळेचं दुसरं सत्र नेमकं याच महिन्यांत असतं. म्हणजे जे लेकरू आईबापासोबत गेलं त्याचं अर्धं वर्ष गेलं. ते जाऊ नये म्हणून गावच्या शाळेतच सहा महिने जेवणाखाण्याची आणि राहण्याची सोय करायची, अशी ही योजना. पैसे समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून येतात, चालवते शाळा व्यवस्थापन समिती. पालकाला एक रुपया द्यावा लागत नाही.

खाटा, कपाटं, फाटकावर वॉर्डन असलं काही डोक्यात असेल तर काढून टाका. आमच्याकडं दोन वर्गखोल्या, सतरंज्या, घरून आणलेल्या गोधड्या आणि एक मोठं पातेलं, एवढंच वसतिगृह. मुलं रात्री शाळेत झोपतात, एक मदतनीस आणि एक शिक्षक आळीपाळीनं थांबतात. मुली जेवून, अभ्यास करून आजीकडं, चुलतीकडं, नाहीतर माझ्यासारखीकडं झोपायला येतात. आसपासच्या कितीतरी गावांत तर मुलंही घरीच झोपतात, शाळेत फक्त पंगत. मला यात काही वावगं वाटत नाही. उलट ज्या घरात आजी धडधाकट आहे तिथं लेकरू आजीच्या कुशीतच बरं. अडचण ज्यांना आजीच नाही त्यांची.

आता जेवण, कारण पहिला प्रश्न तोच असतो. सकाळी पोहे, उपमा किंवा आदल्या दिवशीच्या भाकरीचा कुस्करा. दुपारी शाळेची खिचडी, ती तर सगळ्याच लेकरांना असते. संध्याकाळी भाकरी किंवा चपाती, वरण, भाजी, भात. स्वयंपाक बचतगटातली एक बाई करते, तिच्या हाताला चव आहे आणि तिचा आवाज शाळेच्या गेटापर्यंत येतो. समितीला चपाती सोयीची वाटते, लेकरांना ज्वारीची भाकरी लागते. पहिल्या वर्षी यावरून बरीच कुरकुर झाली. शेवटी तिनंच तोडगा काढला: बुधवार आणि रविवार सोडून भाकरी, आणि थापायला सातवी-आठवीच्या पोरींना हाताशी न घेता शेजारच्या एका म्हातारीला बसवायचं. ही दुसरी गोष्ट मला फार आवडली. नाहीतर वसतिगृहात राहून पोरी भाकरीच थापणार असतील तर फड काय वाईट होता?

पण एक लक्षात ठेवा. वरून पैसे वेळेवर येत नाहीत. तोपर्यंत किराणा उधारीवर चालतो, आणि दुकानदारही गावातलाच, त्यालाही माल भरायचा असतो. दिवाळीनंतर वरण घट्ट असतं. संक्रांतीपर्यंत त्यात वाटी बुडवली की तळ दिसायला लागतो. पैसे जमा झाले की पुन्हा घट्ट. ऑफिसात जाऊन विचारायची गरज नाही, संध्याकाळी पंगतीत उभं राहिलं की हिशेब कळतो. एकदा मी तिथंच बोलले तर समितीतले एक दादा म्हणाले, “ताई, मी माझ्या खिशातून तेलाचा डबा आणलाय, अजून काय करू?” खरंच आणला होता. त्यामुळं चांगल्या माणसाला बोल लावल्याचं वाईट वाटलं, पण वरण पातळ होतं हेही तितकंच खरं.

जेवणाला चार गुण. उघडण्याच्या वेळेला दीड.

हा माझा मोठा राग आहे. टोळी निघते मुकादमाच्या तारखेला. वसतिगृह सुरू होतं कागदाच्या तारखेला. शिक्षक घरोघर फिरून कोण जाणार, कोण राहणार याची यादी करतात, ती केंद्रप्रमुखांकडं, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला. मंजुरी येईपर्यंत आमच्याकडं निम्मं गाव कुलूप लावून गेलेलं असतं. मधल्या दिवसांत लेकरांनी खायचं कुठं? ज्यांची आत्या, आजी, मावशी आहे त्यांचं भागतं. ज्यांचं कुणी नाही ती आई म्हणते, चल बाबा गाडीत बस, शाळा उघडली की आणून सोडते. अडीचशे-तीनशे किलोमीटरवरून कोण आणून सोडतंय? मुकादम एक दिवसाची सुट्टी देत नाही, दिली तर खाडा मांडतो. ते लेकरू पाडव्यालाच दिसतं. माझ्या डोळ्यांदेखत जेवढी पोरं शाळेतून गेली त्यातली बरीचशी या मधल्या दिवसांत गेली, आणि वसतिगृह उघडल्यावर तिथली पातेली भरलेलीच होती.

गेल्या खेपेला आमच्या शाळेतल्या एका तरुण गुरुजींनी बरं काम केलं. मंजुरीची वाट न बघता गावातल्या पाच-सहा घरांना सांगितलं, तुम्ही दोन-दोन लेकरं संध्याकाळी जेवायला घ्या. मशिदीजवळच्या घरानं घेतली, पाटलांच्या वाड्यानं घेतली, मी घेतली. शिक्षकांमध्ये बालरक्षक म्हणून एक काम असतं, शाळेबाहेर पडणारं लेकरू धरून ठेवायचं. गुरुजी ते मनापासून करतात. गाडी लागली त्या रात्री ते स्वतः चौकात उभे होते. ट्रकमध्ये पेटी, भांडी, ताडपत्री, पाण्याचा ड्रम, शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली लेकरं. गुरुजी प्रत्येक आईला विचारत होते, “ताई, हा कुठल्या वर्गात?” तिसरीतलं एक पोरगं त्यांनी तिथंच खाली उतरवून घेतलं. बापाला आधी राग आला, मग म्हणाला, घ्या, पण आजारी पडला तर फोन करा.

फोनवरून आठवलं, आणि हे मला कुठल्याही माहितीपत्रकात दिसलं नाही. वसतिगृह चालतं ते फोनवर. साडेसातच्या सुमाराला जेवणं उरकली की सगळी लेकरं शाळेच्या पायऱ्यांवर येऊन बसतात. मदतनीस बाईंचा एकच मोबाईल. फडावरची माणसं कोपीवर, म्हणजे राहायच्या खोपटावर, येतात दिवेलागणीनंतर, मोळ्या गाडीत भरून झाल्यावर. रात्रीची गाडी भरायला आली तर त्या दिवशी फोन नाहीच. ज्याच्या आईचा फोन येईल त्याच्या नावानं हाक पडते आणि ते लेकरू असं धावतं की चप्पल मागंच राहते. थोरल्या भावाचा मधला दुसरीत आहे. त्याला दोन मिनिटं मिळतात. त्यातलं एक मिनिट तो बैलांची चौकशी करतो. पांढऱ्याचं शिंग बरं झालं का, तो वाढं (उसाचे शेंडे) खातो का, त्याला माझं नाव सांगितलं का. आईशी बोलायचं राहूनच जातं आणि फोन पुढच्याच्या हातात गेला की हा भोकाड पसरतो. रोजचं आहे हे.

पहिल्या महिन्यात जी पोरं पळून जातात ती उपाशी असतात म्हणून पळतात असं सगळ्यांना वाटतं. आमच्याकडं सहावीतला एक पोरगा फाट्यावर जाऊन उभा राहिला, कारखान्याकडं जाणारा एखादा ट्रक घेईल म्हणून. टपरीवाल्यानं ओळखलं आणि परत आणला. पोट भरलेलं होतं त्याचं. आईचा फोन बरेच दिवस लागत नव्हता, टोळीचा मुक्काम हलला होता आणि नव्या जागी रेंज नव्हती. तेव्हापासून मदतनीस बाईंनी प्रत्येक टोळीतल्या एकाचा जास्तीचा नंबर वहीत लिहून ठेवलाय आणि फोन लागला नाही तरी त्या लेकराला सांगतात, तुझ्या आईचा निरोप आहे, ती बरी आहे. कधीकधी निरोप आलेला नसतो, हे मला माहीत आहे. या बाईंना मी पाचपैकी पाच देते. त्यांना मिळतं ते मानधन मात्र विचारू नका.

अभ्यासाचं काय? संध्याकाळी तासभर बसवतात. रोज शिक्षक असतोच असं नाही. पण सहा महिने लेकरू रोज शाळेत हजर राहतं, यातच निम्मं काम होतं. फडावर गेलेल्या लेकराचं कसं होतं ते सांगते. नाव पटावर तसंच राहतं. आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, आणि बरीच वर्षं नापासही करत नव्हते. म्हणून ते दर वर्षी पुढच्या वर्गात जातं आणि कागदावर सगळं छान दिसतं. तिसरीत ‘च’ आणि ‘ज’ मध्ये अडखळणारं लेकरू तसंच सहावीत जाऊन बसतं. 2023-24 पासून पाचवी आणि आठवीला परीक्षा सुरू झाली, तेव्हा कुठं काही आईबापांना कळलं की आपल्या पोराला वाचता येत नाही. नववीत गेल्यावर हायस्कूलचे सर वर्गात उभं करतात, धडा वाच म्हणतात. पोरगं दुसऱ्या दिवशी जात नाही. मग गाव म्हणतं, याचं शाळेत मन नाही. मन लागायला आधी अक्षर लागावं लागतं, आणि ते दुसरी-तिसरीच्या दुसऱ्या सत्रातच राहून गेलेलं असतं. धाकट्या भावाचा मुलगा दोन हंगाम वसतिगृहात राहिला, आता चौथीत आहे, आणि माझ्या दुकानातल्या बिलबुकावर लिहिलेली नावं वाचून कुणाची उधारी किती ते गल्लीभर सांगत फिरतो. मला त्याचा ताप होतो, पण चालतंय.

“तिकडंच जवळच्या शाळेत घालू की” असं म्हणणारे असतात. कायद्यानं घालता येतं. शिक्षणाचा हक्क 1 एप्रिल 2010 पासून लागू आहे, कुठलीही सरकारी शाळा लेकराला परत पाठवू शकत नाही, आणि जाताना इथल्या शाळेतून शिक्षण हमी कार्ड मिळतं ते तिथं दाखवायचं. कार्ड नक्की घ्या, नेणारच असाल तर. पण कोप्या असतात कारखान्याच्या नाहीतर उसाच्या कडेला, शाळा गावात, मधे ट्रॅक्टर-ट्रकची वाट. कर्नाटकात गेलात तर जवळची शाळा बऱ्याचदा कानडी. आणि मुक्काम हलला की पुन्हा नवी शाळा. आमच्या लहानपणी साखरशाळा होत्या, कारखान्यावरच पत्र्याच्या नाहीतर पाचटाच्या खोपीत. संस्था चालवायच्या. मी स्वतः त्यात बसलेय, पाढे तिथंच शिकले. हक्काचा कायदा आल्यावर लेकरांनी नेहमीच्या शाळेतच जावं असं ठरलं आणि त्या बऱ्याचशा बंद झाल्या. त्यामुळं आज हिशेब सरळ आहे: चालतं लेकरू असेल तर गावातलं वसतिगृह फडावरच्या कुठल्याही सोयीपेक्षा बरं.

चालतं लेकरू म्हणाले ते मुद्दाम. हे वसतिगृह पहिलीपासूनच्या लेकरांसाठी आहे. पाळण्यातल्या लेकराचा त्यात विचार नाही, आणि त्या पाळण्यापायी मोठ्या पोरींची शाळा जाते. थोरल्या भावाची थोरली मुलगी. दोन वर्षं तिचं छान चाललं होतं. मग भावजयीला तिसरं झालं. दसऱ्याच्या आधी भाऊ माझ्याकडं आला, मशीनजवळ बसून राहिला, चहा घेतला, मग हळूच म्हणाला,

“आक्का, हिला न्यावं लागतंय औंदा.”

“का? सहावीत आहे ती.”

“मग बाळाला कोण बघणार? हिची आई कोयता धरणार का बाळाला धरणार?”

“वसतिगृहात...”

“बाळाला घेतात का तिथं?”

यावर मी काय बोलणार होते? गेली ती. दिवसभर पाचटाच्या सावलीत बाळ सांभाळायचं, पाणी आणायचं, आई येईपर्यंत भाकरी टाकून ठेवायच्या. पाडव्याला आली तेव्हा अपूर्णांक साफ विसरली होती आणि बाळ तिच्याशिवाय कुणाकडं जात नव्हतं, आईकडंसुद्धा नाही. बाळ तीन वर्षांचं होऊन गावच्या अंगणवाडीत बसायला लागलं, माझ्याकडं राहायला लागलं, तेव्हा ही पुन्हा वसतिगृहात आली. मधलं गेलेलं गुरुजींनी सुट्टीत बसवून भरून घेतलं. सगळ्यांच्या नशिबात असे गुरुजी आणि रिकामी ओसरी असलेली आत्या नसते. मला विचाराल तर कारखान्याच्या अड्ड्यावर एक नीट पाळणाघर काढलं, तर आमच्या शाळेतल्या जितक्या पोरी टिकतील तितक्या या वसतिगृहानंही टिकणार नाहीत. कारखाने टनामागं पैसे मोजतात, बाळं कोण मोजणार? पाचातला दीड गुण कापला त्यातला मोठा वाटा याचा.

आणि उरलेला, उघडण्याच्या उशिरासोबत, आठवीनंतरचा. वसतिगृह आठवीला संपतं. आमच्या गावात शाळाही तिथंच संपते. नववीला शेजारच्या गावी जायचं, वाट ओढ्यातून, आणि संध्याकाळी घरी कुणी नाही. चौदा-पंधरा वर्षांची पोर कुणाच्या भरवशावर ठेवायची, असं आईबाप म्हणतात, आणि त्यांची भीती खोटी नाही. मग दोनच रस्ते उरतात: फडावर नेणं, नाहीतर उजवून टाकणं. उजवली की ती आणि तिचा नवरा मिळून एक नवा कोयता, नवी उचल. ज्या वयात पोरी शाळेतून जातात त्याच वयात सोय बंद होते. ही योजना कुणी आखली त्यांना एकदा मार्चमध्ये आमच्या आठवीच्या वर्गात आणून बसवावं. निरोपाच्या दिवशी रडणाऱ्या पोरी मैत्रिणींसाठी रडत नसतात.

आमच्या थोरलीचंही तेच होणार होतं. भाऊ म्हणाला, “आक्का, नववीत घालून काय करायचंय? स्थळ चांगलं आलंय, पोराची स्वतःची गाडी-बैलं आहेत.” मी कात्री खाली ठेवली. म्हणाले, “स्थळं अजून पन्नास येतील, तिला अठरा पूर्ण झाल्यावर. त्याच्या आधी पत्रिका छापलीस तर चाइल्डलाइनच्या 1098 ला फोन मीच करीन. आत्या आहे म्हणून गप्प बसेन असं समजू नको.” दोन दिवस बोलला नाही माझ्याशी. तिसऱ्या दिवशी तिचे कागद घेऊन आला.

हे कागद कशाचे ते सांगते, कारण खूप जणांना याचा पत्ताच नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह म्हणून वेगळी योजना आहे, सरकारनं 2021 ला ठरवलेली. 41 तालुक्यांत प्रत्येकी एक मुलांचं आणि एक मुलींचं, अशी एकूण 82, प्रत्येकात 100 जागा. हे वर्षभराचं, तालुक्याच्या जवळ, खरंखुरं राहण्याचं वसतिगृह. गावच्या हंगामी वसतिगृहाशी त्याचा संबंध नाही, खातंही वेगळं. त्यासाठी आईबापाचं ऊसतोड कामगार म्हणून ओळखपत्र लागतं, ते ग्रामसेवकाकडं नोंदणी करून मिळतं. भावानं ते काढलेलंच नव्हतं, “आपल्याला काय उपयोग” म्हणून. आमच्या गावातल्या निम्म्या लोकांनी काढलेलं नाही. थोरली आता तिथं नववीत आहे. त्या वसतिगृहाबद्दल मी अजून गुण देत नाही, एक वर्ष तरी होऊ द्या. जागा शंभर आणि तालुक्यातून फडावर जाणारी घरं हजारांनी, एवढं मात्र आत्ताच दिसतंय.

लहानसहान तक्रारी बऱ्याच आहेत. संडासाला पाणी सकाळी असतं, रात्री नसतं. थंडीत अंघोळीला गरम पाणी म्हणजे चैन. एका लेकराला खरूज झाली की आठ दिवसांत सगळ्या सतरंजीला होते. गोधड्या उन्हात टाका म्हणून मी दर रविवारी ओरडते, आता मुलंच टाकतात. एका वर्षी यादीत जितकी नावं होती तितकी ताटं पंगतीत दिसत नव्हती. मी पालकांच्या बैठकीत मोठ्यानं मोजली. पुढच्या वर्षी यादी आणि पंगत जुळली. तुम्हीही मोजा, कुणाला राग आला तर येऊ द्या, लेकरांच्या नावावरचं अन्न आहे ते.

मग ठेवायचं का? पहिली ते आठवीचं लेकरू असेल, गावात जीव लावणारं एक तरी माणूस असेल, तर बिनघोर ठेवा. गावात कुणीच नसेल तर आधी मदतनीस कोण आहे ते बघा आणि रात्री मुक्कामाला खरंच कुणी थांबतं का ते एकदा रात्री जाऊन बघा, दिवसा विचारून कळत नाही. मुलगी असेल तर ती झोपणार कुठल्या घरी, त्या घरात कोण कोण आहे, हे आईनं स्वतः बघावं. शाळेवर सोडू नये. घरात तान्हं असेल तर त्याची सोय आधी लावा, मगच मोठीचं नाव यादीत टिकेल.

यादी दसऱ्याच्या आधी होते, तेव्हा गुरुजी दारात येईपर्यंत थांबू नका, आधार कार्ड घेऊन शाळेत जा आणि नाव लिहिलेलं डोळ्यानं बघा. मंजुरी यायच्या आधी गाडी लागणार असेल तर तेवढ्या दिवसांची शिधा नातेवाइकाकडं देऊन ठेवा. नववीला जाणारं कुणी असेल तर ग्रामसेवकाकडचं ओळखपत्र पावसाळ्यातच काढा. आणि वसतिगृहाचा मोबाईल कुणाकडं राहणार हे विचारून तो नंबर आईच्या, बापाच्या आणि टोळीतल्या आणखी एकाच्या फोनमध्ये टाकून घ्या. बैलांचा फोटो काढून लेकराजवळ ठेवलात तर आईच्या वाटणीचं एक मिनिट वाचतं.